ऊन आणि वाऱ्याच्या विजेवर किती भिस्त ठेवायची?

आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठेही सोलरचा विषय निघाला की एक प्रश्न येतोच: "आणि सूर्य मावळल्यावर?" सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन तिथल्या पवनचक्क्या बघून आलेला माणूस दुसरा प्रश्न विचारतो: "निम्म्या तर नुसत्याच उभ्या होत्या की, त्यांचा उपयोग काय?" हे प्रश्न अगदी रास्त आहेत. राज्याच्या विजेचं रोजचं वेळापत्रक आखणारे इंजिनिअरही याच दोन प्रश्नांशी झुंजत असतात. अडचण अशी की सोलरचा प्रचार करणारे हे प्रश्न टाळतात, आणि विरोध करणारे ते विचारून तिथेच थांबतात. उत्तर हवं असेल तर थोडा हिशेब मांडावा लागतो.

सुरुवात मेगावॉटपासून करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. मेगावॉट म्हणजे एखादं केंद्र एका क्षणाला जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं ती कुवत. युनिट म्हणजे प्रत्यक्षात किती वीज निघाली. आपलं बिल युनिटवर येतं, पण बातमीत मेगावॉट छापले जातात. तुमकूर जिल्ह्यातला पावगड सोलर पार्क २०५० मेगावॉटचा आहे. विजापूर जिल्ह्यातलं कुडगीचं कोळशाचं केंद्र २४०० मेगावॉटचं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन्ही जवळपास सारखीच. पण पावगडला रात्री शून्य, सकाळी थोडी, दुपारी भरपूर, संध्याकाळी पुन्हा शून्य. वर्षभराची सरासरी काढली तर सोलर केंद्र आपल्या कुवतीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी वीज देतं. म्हणजे पावगडची दिवसाची वीज ढोबळमानाने ९८ लाख युनिट. तेवढ्याच कुवतीचं केंद्र चोवीस तास पूर्ण ताकदीने चाललं असतं तर ४९२ लाख युनिट निघाली असती. कोळशाचं केंद्रही चोवीस तास पूर्ण ताकदीने चालत नाही, दुरुस्तीसाठी बंद असतं, कोळसा कमी पडतो. तरीही फरक मोठाच राहतो.

देशपातळीवर हीच गोष्ट दिसते. २०२५ च्या मध्यात भारताच्या एकूण वीजक्षमतेतली निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याबाहेरची झाली, अशी घोषणा झाली आणि ती खरी आहे. पण प्रत्यक्ष युनिट मोजली तर अजूनही मोठा वाटा कोळशाचाच आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातलं एकच सांगणारा अर्धवट सांगतो.

आता मुळात जावं लागेल. तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणाला तुम्ही मोटरचा स्टार्टर दाबता, त्याच क्षणाला कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा ताळमेळ देशभर एका आकड्यावर दिसतो, ५० हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं. वापर वाढला आणि निर्मिती मागे पडली की हा आकडा खाली सरकतो, निर्मिती जास्त झाली की वर जातो. आपल्याकडे तो ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. फार खाली गेला तर यंत्रं वाचवण्यासाठी केंद्रं आपोआप बंद पडू लागतात, त्याने निर्मिती आणखी घटते, आणि मग साखळीच लागते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात हेच झालं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोकांची वस्ती असलेला भाग अंधारात गेला. आपल्याकडे तेव्हा दिवे चालू राहिले, कारण दक्षिणेची ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, बाकी देशाशी एका तालात जोडलेलीच नव्हती. ती जोडणी ३१ डिसेंबर २०१३ ला झाली, रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइनने. तेव्हापासून कर्नाटकात कमी पडलेली वीज महाराष्ट्रातून किंवा त्याच्याही पलीकडून खेचता येते, आणि जास्तीची तिकडे ढकलता येते. ऊन आणि वाऱ्याच्या विजेला तर या जोडणीवाचून चालतच नाही. एका राज्यात ढग असतील तेव्हा दुसऱ्या राज्यात ऊन असू शकतं.

तज्ज्ञ मंडळी आणखी एक शंका घेतात, ती गावात फारशी कानावर येत नाही. जुन्या काळी विहिरीवर जे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन असायचं, त्याला बाजूला एक जड लोखंडी चाक असे. इंजिन क्षणभर अडखळलं तरी चाकाच्या वजनामुळे फेरे चालू राहत आणि पंपाला धक्का बसत नसे. कोळसा, पाणी आणि अणुऊर्जेच्या केंद्रांतली टर्बाइन आणि जनित्रं ग्रीडसाठी हेच काम करतात. शेकडो टनांची फिरती यंत्रं एका तालात फिरत असतात. कुठे एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं, तर या फिरत्या वजनातली ताकद पहिले काही सेकंद खिंड लढवते. सोलर पॅनेलमध्ये फिरणारं काहीच नसतं. आधुनिक पवनचक्की फिरते खरी, पण तीही बहुतेक करून इलेक्ट्रॉनिक्समार्फत जोडलेली असते, त्यामुळे तिचं वजन ग्रीडला थेट उपयोगी पडत नाही. दुपारी सोलरचा वाटा फार वाढला आणि जड यंत्रं बंद ठेवली, तर ग्रीड हलकी होते, झटका सोसण्याची तिची ताकद घटते. यावर उपाय आहेत: बॅटरीचे वेगवान इन्व्हर्टर, वीज न बनवता नुसती फिरत राहणारी जड यंत्रं, काही जुनी केंद्रं कमी भारावर चालू ठेवणं. सगळ्यांना पैसे लागतात, आणि ते पैसे सोलरच्या प्रति युनिट दरात कुठेच दिसत नाहीत.

परदेशातल्या मोठ्या अंधारांचे मेसेज मोबाइलवर फिरतात तेव्हा तिथे नेमकं काय झालं ते बघायला हवं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने हायटेन्शनचे टॉवर आडवे केले. वारंवार झटके बसल्यावर काही पवनचक्क्यांचे गट ग्रीडपासून सुटले, कारण त्यांच्या संरक्षण यंत्रणेची मांडणीच तशी करून ठेवली होती. पुढे ती बदलली, आणि वर्षभरानंतर तिथे १०० मेगावॉटची मोठी बॅटरी बसली. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीने सगळ्याच प्रकारची केंद्रं अडली, त्यात सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूच्या केंद्रांचा होता. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले. तेव्हा ऊन भरपूर होतं आणि सोलरची वीजही भरपूर होती. घोटाळा व्होल्टेजचा झाला. विजेचा हा दाब वाढत गेला आणि तो आवरायला जी केंद्रं कामाला यायला हवी होती ती पुरी पडली नाहीत. या तिन्हींतून "सोलर नको" असं काही निघत नाही. पण ग्रीड सांभाळण्याचं काम जुन्या केंद्रांवर सोडून नुसती पॅनेलं वाढवत नेणं धोक्याचं आहे, हे मात्र निघतं. स्पेनचं उदाहरण मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण तिथे विजेची कमतरता नव्हती.

आता आपल्या भागाकडे येऊ. दिवसाच्या घड्याळात सोलरची वीज दुपारी बाराच्या आसपास सर्वांत जास्त असते. घरांची मागणी मात्र सकाळी गिझर, मिक्सर, पाण्याच्या मोटरने चढते आणि संध्याकाळी दिवे, टीव्ही, पंख्यांनी पुन्हा चढते. म्हणजे पाच ते आठच्या दरम्यान सोलर उतरत असते आणि मागणी चढत असते. त्या तीन तासांत दुसऱ्या केंद्रांना झपाट्याने वर यावं लागतं. कोळशाच्या केंद्राला ते जड जातं. बॉयलर तापवायला वेळ लागतो, आणि भार एका मर्यादेखाली नेता येत नाही. पाण्याचं केंद्र काही मिनिटांत पूर्ण भारावर येतं. कर्नाटकाचं नशीब चांगलं की शरावतीला १०३५ मेगावॉटचं केंद्र आहे आणि आपल्या शेजारी जोयड्याजवळ सुपा धरणाच्या पाण्यावर काळी नदीची वीजघरं आहेत. पंधरा हजार मेगावॉटच्या पुढे गेलेली राज्याची सोलर आणि पवन क्षमता इतकी वर्षं निभावली त्यात या पाण्याचा हात फार मोठा आहे. ज्या कुटुंबांनी सुपा धरणासाठी गावं सोडली, त्यांचा या हिशेबात कोणी उल्लेख करत नाही म्हणून मी इथे करतो.

दिवसाच्या घड्याळाची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. पंपसेटला दिवसा पाणी लागतं, आणि दुपारी सोलरची वीज सांडत असते. वर्षानुवर्षं मोटरला लागणारा थ्री फेज करंट रात्रीच का येत होता? दिवसा कारखाने आणि शहरं वीज ओढत असत आणि रात्री मागणी उतरली की उरलेली वीज शेतीला दिली जाई. ऊसाला पाणी पाजायला रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जाणं, सापाची भीती, ओल्या हाताने स्टार्टर दाबणं, हे या भागातल्या कोणत्या घराने भोगलेलं नाही? सोलर आल्यावर हे गणित उलटं झालं. शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइन, वेगळे करून सबस्टेशनजवळच सोलर प्लांट बसवायचा आणि त्या फीडरला दिवसा सात तास थ्री फेज द्यायचा, ही पीएम-कुसुम योजनेतली फीडरची कल्पना मला या सगळ्या धोरणांत सर्वांत शहाणी वाटते. इथे सूर्य मावळल्याने काही बिघडत नाही. एक दिवस ढग आले तर उद्या पाणी देता येतं, जमीन आणि विहीर हीच त्या विजेची साठवण होते. खानापूरकडच्या एका मामांना मी हे समजावायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "आमास्नी काय करायचंय कुटनं येतोय त्ये? करंट दिवसाचा द्या म्हणावं, आन् टीसी जळला तर चार दिसांत बदलून द्या." टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बदलून देण्याच्या त्यांच्या दुसऱ्या मागणीकडे कोणत्याही सोलर धोरणाचं लक्ष नसतं. फीडर कुठूनही भरला तरी शेवटचा ट्रान्सफॉर्मर आणि शेवटची तार तीच जुनी असते.

मात्र बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकराला ही सोय नाही. त्याचा पॉवरलूम ढग गेल्यावर चालवतो म्हणून चालत नाही. ऑर्डरची साडी वेळेत उतरावी लागते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं तसंच. भट्टीत धातू वितळत असताना करंट गेला तर नुकसान लाखात जातं. म्हणून "सोलरवर भिस्त ठेवावी का" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणाच्या कामासाठी आणि कोणत्या वेळी, हे आधी विचारावं लागतं.

यापेक्षा अवघड घड्याळ वर्षाचं आहे. लोक रात्रीची चिंता करतात. मला ऑक्टोबरची जास्त वाटते.

पवनचक्कीचा नियम फार कठोर आहे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्यात आठशे किलोवॉट देणारी चक्की पंधराच्या वाऱ्यात शंभरावर येते. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खाली ती वीज देतच नाही, आणि ताशी नव्वदच्या आसपास वादळी वारा सुटला की स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. सौंदत्तीच्या डोंगरावर दिसलेल्या उभ्या चक्क्या बिघडलेल्या होत्या असं बहुतेक वेळा नसतं. त्या वाऱ्याची वाट बघत असतात. हा वारा कधी येतो? कर्नाटकात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, नैऋत्य मोसमी पावसाबरोबर. हे काही अंशी सोयीचं आहे, कारण नेमके तेव्हाच ढगांमुळे सोलर घटते. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूला जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पण पूर्वेकडे सौंदत्ती, गदग, चित्रदुर्गाच्या माळांवर वारा घोंघावत असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि त्या महिन्यांत शेतीची मागणीही कमी असते, धरणं भरत असतात.

मग ऑक्टोबर येतो. मोसमी वारा परततो, चक्क्या मंदावतात, उष्मा वाढतो, खरीप निघून रब्बीचं पाणी सुरू होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी धरणातलं पाणी हा महिना तारून नेतं. २०२३ मध्ये पाऊसच दगा देऊन गेला. राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, आपल्या जिल्ह्यातलेही त्यात होते. धरणं अर्धी, वारा नाही, आणि उभं पीक वाचवायला प्रत्येक बोअर चालू. विजेची मागणी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या कितीतरी वर गेली. पंपसेटच्या थ्री फेजचे सात तास पाचावर आले, शेतकरी रस्त्यावर उतरले. सरकारने वीज कायद्यातलं कलम ११ वापरून राज्यातल्या खासगी वीजनिर्मात्यांना बाहेर वीज विकायला मज्जाव केला, आणि उत्तर प्रदेश व पंजाबकडून उधारीवर वीज घेतली. ती पैशाने फेडायची नव्हती, पुढच्या पावसाळ्यात विजेनेच परत करायची होती. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडे वारा आणि पाणी उतू जातं, तेव्हाची वीज त्यांना द्यायची. हा व्यवहार मला फार बोलका वाटतो. ऊन-वाऱ्याच्या विजेची खरी अडचण त्यातून कळते: एका रात्रीची तूट बॅटरीने भागवता येते, एका महिन्याची नाही.

या ऑक्टोबर-मार्चच्या खिंडीत आपल्या जिल्ह्याकडे एक साधन आहे, आणि सोलर-पवनच्या चर्चेत त्याचं नाव क्वचित निघतं. बेळगाव जिल्ह्यात दोन डझनांहून जास्त साखर कारखाने आहेत. गाळप साधारण नोव्हेंबरला सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. चिपाड जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि कारखान्याला पुरून उरलेली वीज ग्रीडला. ही वीज रात्रीही येते, ढगातही येते, आणि तिचं टर्बाइन जड फिरतं, म्हणजे ग्रीडला वजनही देते. वारा पडलेल्या नेमक्या महिन्यांत ती मिळते. तिच्या मर्यादाही आहेत. गाळप संपलं की बहुतेक ठिकाणी ती थांबते, आणि २०२३ सारख्या दुष्काळात ऊसच कमी पडला तर चिपाडही कमी. पण या विजेला दर किती द्यायचा यावर घासाघीस करताना ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला येते याची किंमत धरायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी बाराचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट एकाच भावाचं नसतं.

साठवणुकीबद्दल आता बोलता येईल. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या, १२ व्होल्टची, १५० एएचची. तिच्यात कागदोपत्री १.८ युनिट मावतात. ती टिकायला हवी तर निम्मीच वापरायची, म्हणजे पाऊण ते एक युनिट. पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार युनिट खाते. सात तास चालवायची तर अठ्ठावीस युनिट. हिशेब केला तर एका शेतकऱ्याची एका रात्रीची मोटर चालवायला तीसेक बॅटऱ्या लागतील, आणि काही वर्षांनी सगळ्या बदलाव्या लागतील. लिथियमच्या बॅटऱ्या यापेक्षा बऱ्याच सरस आहेत, २०१० पासून त्यांची किंमत दहाव्या हिश्शाच्या आसपास आली आहे, आणि संध्याकाळचे दोन-चार तास भागवायला त्या आता खरोखर परवडू लागल्या आहेत. मात्र दोन-चार तासच.

मोठी साठवण पाण्याने होते. दुपारी जास्तीच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. कल्पना सोपी, पण पाणी किती लागतं ते बघा: शंभर मीटर उंचीवरून एक युनिट परत मिळवायचं तर सुमारे चार हजार लिटर पाणी खाली यावं लागतं, म्हणजे एका घरासाठी रोज काही टँकर. चढवण्या-उतरवण्यात चौथा-पाचवा हिस्सा वीज वायाही जाते. तरीही मोठ्या प्रमाणात हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्तीला मलप्रभेच्या रेणुकासागराचं पाणी वापरून हजार मेगावॉटहून मोठा असा प्रकल्प हाती घेतला गेला आहे. जवळच पवनचक्क्या, खाली धरण, वर पठार, जागा निवडण्यामागचं कारण कळतं. शरावतीच्या खोऱ्यात २००० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पाला मात्र जोरदार विरोध झाला, कारण ते सिंहपुच्छ वानरांचं अभयारण्य आहे. पश्चिम घाटात साठवण करायची तर जंगल द्यावं लागतं, आणि तिथे माझा पाठिंबा संपतो. आधीच तयार असलेल्या धरणांचं पाणी, उघड्या माळाची जागा, हे आधी वापरून संपवावं.

घरच्या छपरावरच्या सोलरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यातून फार मनस्ताप होतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं म्हणून टिळकवाडीत, शहापुरात बरीच पॅनेलं चढली. पावसाळ्यात करंट जातो, पण दुपारचे अकरा वाजलेले असतात, ऊन पडलेलं असतं, आणि तरी घर बंद. घरातली मावशी विचारते, "अहो, दोन लाख घातले की वर, मग पंखा का फिरेना?" कारण असं: बॅटरीशिवायचा साधा ऑन-ग्रीड इन्व्हर्टर ग्रीडचा करंट गेला की स्वतःला मुद्दाम बंद करतो. तो बंद झाला नाही तर छपरावरची वीज बाहेरच्या तारांत उतरेल, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन तिथेच चिकटेल. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे. करंट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. विकणाऱ्याने हे सही घेण्याआधी सांगायला हवं. अनेक जण सांगत नाहीत. आणि ज्यांचं बिल राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे २०० युनिटपर्यंत शून्य येतं, त्यांनी पॅनेलचा खर्च किती वर्षांत फिटेल हा हिशेब स्वतः करून बघावा. विक्रेत्याच्या कागदावरचा हिशेब पूर्ण बिल भरणाऱ्याचा असतो.

राहिला दराचा मुद्दा. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडल्याला सोलरचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला, २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. हे दर खरे आहेत आणि कोळशाच्या नव्या केंद्राला ते परवडत नाहीत. पण हा दर वीज प्लांटच्या दारात मिळण्याचा आहे, ऊन असेल तेव्हा. संध्याकाळी तीच वीज हवी असेल तर त्यात साठवणूक धरा, ती वाहून आणणारी नवी हायटेन्शन लाइन धरा, आणि ऑक्टोबरसाठी तयार ठेवलेल्या, एरवी अर्ध्या भारावर चालणाऱ्या कोळशाच्या केंद्राचा स्थिर खर्च धरा. ते केंद्र चाललं नाही तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणून सोलर स्वस्त होऊनही बिल उतरत का नाही, हा लोकांचा प्रश्न बरोबर आहे. उलट बाजूनेही प्रामाणिक राहायला हवं. कोळशाच्या दरात दम्याचा खर्च धरलेला नसतो, राखेने भरलेल्या शेतांचा नसतो. पावगडात १३ हजार एकर जमीन भाड्याने गेली, मालकांना एकरी २१ हजारांपासून वार्षिक भाडं सुरू झालं, पण त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुरांना त्यातलं काही मिळालं नाही. अथणी, रायबागकडच्या कोरड्या माळांवर उद्या पॅनेलं येतील तेव्हा हा प्रश्न आपल्या दारात असेल.

माझं मत विचाराल तर दिवसाच्या शेतीसाठी सोलरवर पूर्ण भिस्त ठेवावी, आजच ठेवावी. पावसाळ्यात वाऱ्यावर ठेवावी. संध्याकाळसाठी बॅटरी आणि पंप केलेलं पाणी जेवढं उभं राहील तेवढीच, त्यापुढे नाही. आणि दुष्काळी वर्षाच्या ऑक्टोबर ते मार्चसाठी धरणातलं पाणी राखून ठेवलेलं असलं पाहिजे, चिपाडाची वीज करारात बांधलेली असली पाहिजे, कैगाची ८८० मेगावॉटची अणुवीज आणि कुडगी-रायचूरचा कोळसा हाताशी असला पाहिजे. कैगाची पहिली अणुभट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली होती. पॅनेल कितीही वाढवली तरी ऊन ते काम करू शकत नाही. जुनी केंद्रं बंद करायची तारीख ठरवण्याआधी त्यांची जागा घेणारं साधन त्याच तासाला, त्याच महिन्यात प्रत्यक्ष चालून दाखवलेलं असावं.

वीजदर ठरवण्याआधी कर्नाटक वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतं, आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमच्या प्रस्तावावरही घेतं, आणि तिथे कोणत्याही ग्राहकाला हरकत मांडता येते. तिथे जाऊन "किती मेगावॉट वाढवले" हे विचारण्यात अर्थ नाही, ते अहवालात छापलेलंच असतं. विचारायचं ते हे: पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सात वाजता जेवढी मागणी असेल, तेवढी वीज कोणत्या केंद्रांतून येणार, त्यात साठवणुकीचे मेगावॉट किती आणि ते किती तास टिकणार, आणि शेतीच्या फीडरचे तास कापायची वेळ आली तर कोणत्या फीडरपासून सुरुवात होणार.